दोन रुमालांवरची रेघ

गुणाकररावांनी आयुष्यात स्वतःच्या मनाने ठामपणे घेतलेला निर्णय एकच होता, आणि त्या शनिवारी दुपारी तो निर्णय गांगुलपाऱ्याचा घाट उतरायला निघाला होता. त्यावर त्यांची मुलगी बसलेली होती.

बालाघाटच्या कॉलेजात ते चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. कोणी काही विचारलं की ते पुस्तक काढून देत, मत देत नसत. बसमध्ये कंडक्टरला ‘थांबवा’ म्हणायचा धीर न झाल्यामुळे एकदा भरवेलीला उतरायचं सोडून ते थेट उकव्यापर्यंत गेले होते. त्यांची बायको अहिल्याबाई ही गोष्ट पाहुण्यांना अजून सांगत.

पण महिन्यापूर्वी अबोली म्हणाली होती, “बाबा, मले एकच सायकल पाहिजे. रोज तिच्यावर भरवेलीच्या शाळेत शिकवाले जाईन, अन् सुटीत सामान बांधून दूर निघीन. हट्टा, बैहर, पुढं कान्हा. दोन सायकली नाही ठेवणार. तुमी पसंत करा.”

“मी?”

“मग कोण? तुमी इतकं वाचता!”

आणि गुणाकरराव वाचू लागले. एक निळी वही भरत आली. बाजारात तेव्हा जाड टायरांच्या, पुढे शॉकअप असलेल्या चकचकीत सायकली होत्या. त्यांना कॅरिअर नीट बसत नव्हता आणि चढावर त्या बैलासारख्या अडत. काळी जुनी दांडीची सायकल मजबूत, पण घाटात ती ढकलतच न्यावी लागली असती. ते एकेक सायकल पाहून येत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका घेऊन जात. अहिल्याबाई म्हणाल्या, “पोरीसाठी नवरा पाहाले इतके दिवस लागत नाही हो!”

शेवटी भरवेलीला, खाणीच्या कॉलनीजवळ, नथ्थू मिस्त्रीच्या दुकानात ती भिंतीला टांगलेली दिसली. खाणीतल्या एका साहेबाने पंचवीस वर्षांपूर्वी आणलेली पोलादी फ्रेम. नळ्या बारीक, सांधे सुबक. रुंद टायर बसेल एवढी जागा, मडगार्ड आणि कॅरिअर कसायला भोकं. नथ्थूने तिला हिरवा रंग दिला, नवी चाकं, नवे गिअर घातले. पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र जुनाच राहिला. “रंग देल्ला साहेब, पण रंगाखाली का आहे ते मले नाही माहीत,” तो म्हणाला होता. “तुमी पाहून घ्या एकडाव.”

गुणाकररावांनी पाहिलं होतं. हँडलच्या नळीखाली, जिथे चिमट्याचे दोन पाय फुटतात तिथे, तपकिरी रंगाची एक रेघ होती. केसाएवढी. त्यांनी रुमालाने पुसली, ती गेली. हा बुधवार. मग त्यांनी मान डोलावली होती.

आज सकाळी अबोली उकव्याला निघाली. तिथे खाणीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीकडे, आम्रपालीकडे जेवायचं आणि दुपारी परत यायचं, असा बेत. अंगणात सायकलवर रात्रीचं दव होतं. गुणाकरराव ती रुमालाने पुसत असताना तिथेच रेघ पुन्हा दिसली. ते काही बोलणार, तेवढ्यात अबोली हसली, “बाबा, नवरीसारखी सजवू नका तिले. येतो मी.”

“उतारावर मागचा ब्रेक आधी लाव,” ते एवढंच म्हणाले.

“हौ. मागचा, मागचा, मागचा! झोपेतबी मले तेच ऐकू येते आता.”

ती गेली. मनातलं मनातच राहिलं. नथ्थूचे हात तीस वर्षं लोखंडात गेलेले. आपण कोण, वहीतला माणूस.

साडेबाराला अहिल्याबाई मोरीत कपडे धूत होत्या. “अहो, इकडे या. हे दोन रुमाल पाहा. दोन्हीवर एकच डाग. का पुसलं एवढं?”

“सायकल.”

“एकदा पुसली तं निघाला नाही का गंज?”

त्यांनी रुमाल हातात घेतले. दोन्हीवर बोटभर लांबीची, किंचित वाकडी, तपकिरी रेघ. एकाच वळणाची. एका रुमालावर दुसरा ठेवला असता तर रेघेवर रेघ बसली असती.

ते खोलीत गेले. वही उघडताना बोटं ओली होती, पानं चिकटली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पोलाद एकदम मोडत नाही. आधी भेग पडते, आणि रंगातून गंजाची बारीक रेघ बाहेर येते. पुसूनही तिथेच परत आली, तर सायकल चालवू नये.’ खाली दोनदा अधोरेखित: ‘म्हणून पोलादच घ्यावं.’

पोलादाने सांगितलं होतं. बुधवारी सांगितलं, आज सकाळी पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी त्याचं तोंड पुसलं.

फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. आम्रपालीचा नंबर होता तो अबोलीच्याच फोनमध्ये. चढताना चिमट्यावर फार भार येत नाही. उतरताना येतो. वळणावर समोर ट्रक दिसला आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर सगळं वजन त्या केसाएवढ्या रेघेवर.

“मी घाटात जातो,” ते म्हणाले.

“कोणत्या घाटात? जेवले नाही तुमी अजून! का झालं?”

दोन्ही ओले रुमाल खिशात कोंबून ते स्टँडवर आले. बैहरची बस भरल्याशिवाय सुटेना. दीड वाजून गेल्यावर ती हलली. ते ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीपाशी बसले, म्हणजे समोरून येणारं सगळं त्या अंगाने दिसेल.

भरवेली गेली. तिथे दोन मिनिटं बस थांबली तेव्हा मनात आलं, उतरून नथ्थूला विचारावं. तो हसला असता. ‘साहेब, रंगाचा ओघळ असंन.’ आणि आपणही हसून घरी गेलो असतो. ही आपलीच सवय त्यांना इतकी ओळखीची होती, की त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

घाट सुरू झाला. बस पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा आणि त्यापलीकडे सागाची वाळकी पानं खोलवर उतरत गेलेली. प्रत्येक वळणाला ते खिडकीतून मान बाहेर काढत. एक मोटारसायकल आली. बांबूचा ट्रक आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. ती आधीच उतरून गेली असेल का? की वर कुठे पडली आहे आणि माणसं जमली आहेत?

तिसऱ्या वळणापुढे लाल हेल्मेट दिसलं.

ती सुसाट येत होती. पाठ वाकवलेली, पँटला क्लिप लावलेली, चेहऱ्यावर वाऱ्याने आलेलं हसू. गुणाकरराव अर्धे खिडकीबाहेर आले. ‘थांब!’ हा शब्द दातापर्यंत आला आणि तिथेच त्यांनी तो चावून धरला. थांब म्हटलं तर ती दोन्ही ब्रेक एकदम दाबेल. बापाचा आवाज, तोही असा बसमधून. ती घाबरून दाबेलच.

“मागचा!” ते ओरडले. आवाज फाटला. “अबोली, मागचा! मागचाच फक्त!”

तिने वर पाहिलं. तोंड उघडं राहिलं. बसच्या अंगाला लागून हिरवी सायकल खाली निघून गेली.

“गाडी रोको!” चौतीस वर्षांत वाचनालयात कोणी एवढ्या आवाजात बोललं असतं तर त्यांनी त्याला बाहेर काढलं असतं. “रोको भाई! मेरी बेटी है!”

“अरे बाबूजी, मोड पे कैसे रोकूँ?” ड्रायव्हर म्हणाला, पण पुढे जागा दिसताच त्याने बस थांबवली.

ते उतरले आणि उतारावर पळू लागले. चौसष्टाव्या वर्षी माणूस ज्याला पळणं म्हणतो तसं. कान लावला होता. पडल्याचा आवाज येतो का, किंचाळी येते का. कठड्यावरची माकडंसुद्धा गप्प होती. वळण संपेना.

वळणापलीकडे अबोली उभी होती. एक पाय जमिनीवर, बूट घासून पांढरा झालेला.

“बाबा! आईले का झालं?”

त्यांनी मान हलवली. श्वास येईना. खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिले आणि चिमट्याकडे बोट दाखवलं. तिथे रेघ होती. सकाळपेक्षा लांब.

“यासाठी आले तुमी?” ती रेघेकडे पाहत राहिली. “रेघच तं आहे. अन् हे रुमाल ओले काहून?”

“तू बसू नको तिच्यावर,” ते म्हणाले. “मी चुकलो असंन. मी चुकतोच. पण बसू नको.”

ती सायकलवरून उतरली. सायकल हाताने ढकलत दोघं पायथ्याला आले. तिथून एका पिकअपवाल्याने भरवेलीला सोडलं.

नथ्थूने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. पूर्वी तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याने चाक काढलं, चिमटा खोलून बाकावर ठेवला, कोरड्या फडक्याने पुसला. त्यावर डिझेल फासलं, थोडं थांबला, पुन्हा लख्ख पुसलं आणि वरून पांढरा खडू घासला. “भेग असंन तं आत गेलेलं डिझेल बाहेर येईन,” तो म्हणाला. “बसा दहा मिनिटं.”

ती दहा मिनिटं गुणाकररावांना घाटापेक्षा लांब गेली. रेघ आली नाही, तर आपण भर बसमध्ये वेड्यासारखे ओरडलो. आली, तर आपण आपल्याच हाताने पोरीला मरायला पाठवलं होतं. काय व्हावं असं मागावं, तेही त्यांना ठरवता येईना.

खडूवर एक ओलसर ठिपका उमटला. मग दुसरा. मग ते एकमेकांना मिळाले, आणि काळपट रेघ चिमट्याला वळसा घालत पाऊणभर फिरली.

नथ्थू खाली बसला. “माय वं,” एवढंच म्हणाला. अबोलीने बापाचा दंड धरला. तिचा हात गार होता.

मग ती म्हणाली, “फ्रेम तं चांगली आहे ना?”

“फ्रेम पाहिली मी. ठणठणीत आहे.” नथ्थूने आतून दोन चिमटे आणले. एक जुना, भरीव. एक नवा, चमकणारा. “यातला कोणता बसवू?”

दोघांनी गुणाकररावांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात तेच नेहमीचं वाक्य आलं, की मले का समजते, तुमीच सांगा. पुढचा प्रत्येक शनिवार आपण असेच घाटाकडे कान लावून बसणार, हे त्यांना कळलं होतं.

त्यांनी बाह्या वर केल्या.

“डिझेल द्या, नथ्थूभाऊ,” ते म्हणाले. “अन् तो खडू. दोन्ही पाहू.”