भिंतीपलीकडचा चौकार

सालवडच्या आमच्या चाळीत मॅच आधी भिंतीपलीकडे घडते, मग आमच्याकडे. शेजारच्या दिनानाथभाऊंकडे केबल आहे, आमच्याकडे मोबाइल, आणि मोबाइल रडतखडत अर्धा मिनिट मागे चालतो. आमचा बोलर अजून धावतच असतो आणि पलीकडून त्यांच्या बायकोची, चंद्रकांताची आरोळी येते, "गेला गं बाय, चार!" मग मी चौकाराची वाट बघत बसते.

पूर्वी आम्ही दोघी तिच्याच टीव्हीसमोर बसायचो. वाल सोलायचं निमित्त, निम्मे वाल खाली सांडायचे. मग नवऱ्यांचं बिनसलं आणि शिक्षा आम्हाला.

बिनसलं तेही क्रिकेटवरून. दोघांच्या कंपनीच्या मॅचला अंपायर बॅटिंगवाल्या टीमचाच उभा राहतो. त्या दिवशी आमचे हे बॅटिंगला, दिनानाथभाऊ अंपायर. बोलरच्या पायात गोळा आला, तो पडला. हे क्रीज सोडून त्याला उचलायला धावले, तेवढ्यात कुणीतरी स्टंप उडवले. भाऊंनी आपल्याच माणसाला बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम! टीम हरली. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि मधल्या भिंतीला कान लावून मी.

आता भाऊंची नोकरी संपली. रविवारी ते कायमचे सफाळ्याला, गावच्या वाडीवर जाणार होते. मला एकच हवं होतं, जाण्याआधी एक मॅच चंद्रकांताशेजारी बसून. पण सांगणार कुणाला? आमच्या ह्यांचं नाक मोठं.

शनिवारी दुपारी भारताची मॅच होती. आमच्या मोबाइलवर बोलर पळत होता आणि पलीकडे एकदम शांत. मग भाऊंचा आवाज आला, "ह्याला औट देतात? नाय, ह्यो काय खेळ नाय!"

ह्यांनी मान वर केली. मग आमच्याकडेही ते घडलं. बोलर घसरून पडला, आपला बॅट्समन त्याला हात द्यायला पुढे गेला, फिल्डरने स्टंप उडवले. त्यांच्या कप्तानाने अपील मागे घेतलं नाही. अंपायरचं बोट वर गेलं.

ह्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मग भिंतीकडे तोंड करून ओरडले, "भाऊ, नियमानं आऊटच आहे तो!"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"नियमानं हाय रे," भाऊ म्हणाले. "पण मारुती, तो उचलायला गेलता ना."

ह्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. मला तर रडूच फुटलं. तेवढ्यात चंद्रकांता ओरडली, "सुले, येतेस का नाय? आमच्याकडं पुढची ओवर चालू झाली!"

मी मोबाइल तसाच टाकून धावले. उरलेली मॅच आम्ही मांडीला मांडी लावून बघितली. भारत हरला, तरी दोघी हसत होतो.

रविवारी त्यांचा टेम्पो गेला.

पुढच्या मॅचला मी मोबाइल घेऊन भिंतीशी बसले. ह्यांनी विचारलं, "कोण खेळतंय?" मी स्क्रीन थोडी त्यांच्याकडे वळवली. बोलर धावत आला, बॅट फिरली, चेंडू सीमेपार गेला.

चौकार होता. मला आधी कुणीच सांगितलं नाही.