छायाचित्र प्रातिनिधिक

आमची कन्या पत्रकार झाली तेव्हा मला वाटलं, आता ही उन्हातान्हात फिरणार, चपला झिजवणार. म्हणून चांगले जाड तळाचे बूट घेऊन दिले. ते अजून नवेकोरे आहेत. वेबसाइटवरची पत्रकारिता खुर्चीत बसून करतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांनी काय टाकलंय ते बघायचं, चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि मथळा असा द्यायचा की वाचणाऱ्याच्या हातातला चहा सांडावा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"अगं, पण कुणाला विचारतेस तरी का?" मी एकदा म्हटलं.

"विचारायला वेळ कुठाय आई? तोवर दुसरे टाकून मोकळे होतात."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर तीपण बातमी होते."

मी बेकरी चालवते. आमच्यात पाव कच्चा निघाला तर मुकाट परत घ्यावा लागतो.

पोरगी उमेदवारीवर होती. एक तरी बातमी लाखभर लोकांनी वाचली पाहिजे, तरच कायम करणार, अशी ऑफिसची अट. "जेवल्यावर ही चूक करता का?" लिहून झालं, "नटीनं असं काय केलं की सगळे बघतच राहिले" लिहून झालं. नटीनं केस कापले होते. तरी लाख काही होईनात. जेवतानाही हिचे डोळे फोनवर, घास तसाच हातात. तिची दयाही यायची आणि एक ठेवून द्यावी असंही वाटायचं.

मग ते झुरळ आलं. कुठल्याशा बेकरीतल्या केकमध्ये झुरळ निघाल्याचा व्हिडिओ फिरत होता, तो कुठला, कुणाचा, शेंडा ना बुडखा. कन्येनं लगेच बातमी केली: "तुमच्या बाळाच्या केकमध्ये काय असतं? बघाल तर झोप उडेल." फोटो लावायचं काम तिथं वेगळ्या माणसाचं. त्यानं नेटवर बेकरी शोधली आणि त्यातल्या त्यात देखणा फोटो उचलला. देखणा असणारच, आमच्या कन्येनंच काढलेला, आमच्याच दुकानाचा. दुकानाचं नाव व्हावं म्हणून तिनंच तो नेटवर टाकला होता. वर पाटी, काउंटरमागे मी, हातात केक, आणि तोंडभर हसतेय. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, छायाचित्र प्रातिनिधिक.

बातमी सुसाट सुटली. दुपारपर्यंत माझ्या दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. शेजारच्या शिंपीणबाई इतकी वर्षं माझीच बिस्किटं चहात बुडवतात, त्या रस्त्यावरूनच म्हणाल्या, "आज नको हो, घरात आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाचं शटर ओढलं आणि तडक कन्येचं ऑफिस गाठलं.

काचेची खोली, कान झाकून बसलेली पोरं, कुणी कुणाशी बोलत नाही. भिंतीवर मोठा पडदा, कुठली बातमी किती लोक वाचताहेत ते त्यावर सारखं खालीवर होत होतं. सगळ्यात वर मी, हसत.

संपादक म्हणजे एक दाढीवाला, माझ्या भाच्याच्या वयाचा. मला बघून उठलाच. "काकू, तुम्हीच का त्या? बसा ना."

"झुरळ कुठल्या बेकरीत निघालं?"

"ते अजून कळलेलं नाही. व्हिडिओ बहुतेक परदेशातला आहे."

"मग माझं थोबाड कशाला लावलंत?"

"ते प्रातिनिधिक आहे काकू. खाली लिहिलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर ती फाशीही म्हणे प्रातिनिधिक. मी त्याची अशी खरडपट्टी काढली की दोघातिघांनी कान उघडे केले. तर हा बाबा खूश. "काय बोलता तुम्ही! याचाच व्हिडिओ करू या? झुरळवाल्या काकू भडकल्या." मी डोळे वटारले तेव्हा कुठे वरमला.

"बरं, तो फोटो काढून टाकतो," तो म्हणाला. "पण त्यासाठी बातमी उतरवून नव्यानं टाकावी लागते, आणि वाचक पहिल्यापासून मोजले जातात. जिनं लिहिलीय तिचं नुकसान. बिचारी उमेदवारीवर आहे, लाखाला थोडेच कमी पडताहेत." आणि त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं.

कोपऱ्यात कन्या. मी कोण हे तिनं कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं. मला वाटलं, आता उठेल, म्हणेल, ही माझी आई आहे, काढा तो फोटो. ती उठली नाही. बोटं कीबोर्डवर ठेवून मान खाली घालून बसली होती, टाइप काहीच करत नव्हती. असा राग आला मला तिचा, आणि त्याच वेळी दिसली तिची ती वाळलेली मान.

"राहू द्या," मी म्हटलं. "लाख होऊ देत, मग काढा."

"तुमच्यासारखे समजूतदार वाचक हवेत काकू," दाढीवाला म्हणाला आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

लाख झाले. फोटोही निघाला. लोकांच्या डोक्यातून मात्र कोण काढणार? माझे पाव अजून निम्मे फळीवरच राहतात.

कायम झाल्याच्या दिवशी कन्या दुकानात आली आणि गळ्यात पडून रडली. "आई, तुझ्यामुळे झालं गं सगळं." मीही रडले. खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद झाला होता. मग तिनं पिशवीतून एक खोकं काढलं. "ऑफिसात केक कापला. तुझ्यासाठी आठवणीनं तुकडा आणलाय."

खोक्यावर चौकातल्या बेकरीचं नाव होतं.

"आपला का नाही नेलास? मी केला असता की."

"अगं, ऑफिसात कुणी खाल्ला नसता."

"आणि तू?"

तिनं माझा हात हातात घेतला. "रागावू नकोस हं आई," ती अगदी मायेनं म्हणाली, "पण भट्टीच्या मागं एकदा औषध मारून घेऊ या का?"