शिट्टी काढून ठेवलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. माझ्या बुडाला भोक पडलंय, आणि आता माझ्या पोटात पाण्याऐवजी माती आहे. पण एके काळी माझ्या शिट्टीने अख्खी गल्ली जागी व्हायची.

बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात माझा पत्रा घडला, त्यावर हिरवा मुलामा चढला आणि तोटीवर शिट्टी बसली. हिल्डाच्या लग्नात तिच्या मावशीने मला भेट म्हणून दिलं, आणि उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या एका चढावरच्या घरात मी गॅसवर येऊन बसले ती बसलेच.

त्या घरात एक वाक्य येता-जाता कानावर पडे. “आय विल पुट द केटल ऑन.” किटली चढवते. कुणी भिजून आलं, कुणाचं माणूस गेलं, भांडण झालं, भांडण मिटलं, की हेच. मला त्या वाक्याचा फार अभिमान. ‘पुट’ आणि ‘ऑन’ ही शब्दांची जोडी, आणि आईबापांच्या मध्ये लेकरू बसावं तशी त्यांच्या मधोमध मी!

ऐकून ऐकून मला तिथल्या बोलण्याची खोच कळली. असल्या जोडीतून काम कळतं. पण माणसाचं मन कळतं ते तिच्या आधी येणाऱ्या लहानशा शब्दातून. ‘पॉप इन’ म्हणजे घटकाभर डोकावून जाणं. त्याच्या आधी ‘विल’ आला की माणूस येणार. ‘माइट’ आला तर जमलं तर येणार. आणि ‘मस्ट’? शाळेत शिकवतात की त्याचा अर्थ ‘केलंच पाहिजे’. पण “एकदा आलंच पाहिजे हं तुमच्याकडे” म्हणणारं माणूस कधी येत नसतं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हिल्डालाही होतंच. कोपऱ्यावरच्या क्रॅबट्रीबाईंनी तिला चहाला बोलावलं, तेव्हा शेजारची नेली धावत चौकशीला आली.

“काय म्हणालीस गं तिला?”

“काय म्हणणार? म्हटलं, एकदा आलंच पाहिजे तुमच्याकडे.”

“म्हणजे सुटलीस!”

“या जन्मापुरती तरी!”

दोघी पोट धरधरून हसल्या. मीही शिट्टी मारली.

हिल्डाची एकच लेक, मॉरीन. नवरा विल्फ लवकर गेला. हिल्डाने गिरणीत राबून लेकीला वाढवलं. पुढे मॉरीन नर्स झाली आणि लग्न करून दूर दक्षिणेला, साउथॅम्प्टनला गेली. तिचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशीच वाजायचा. हिल्डाला कमी ऐकू येऊ लागलं होतं. लेक जे बोलेल ते ती खात्रीसाठी मोठ्याने पुन्हा म्हणायची. म्हणून मला सगळं कळायचं.

आधी असायचं, “विल पॉप इन.” आणि मॉरीन यायची. मग मुलं झाली, दवाखान्यातल्या पाळ्या वाढल्या, आणि ‘माइट पॉप इन’ सुरू झालं. कधी यायची, कधी नाही. मग एके दिवशी हिल्डा फोनवर आनंदाने म्हणाली, “मस्ट पॉप इन? या रविवारी? हो गं बाळा, ये ना!”

‘पॉप’ तोच होता, ‘इन’ही तोच. पुढचा एवढासा शब्द तेवढा बदलला होता. माझ्या पोटातलं पाणी गार झालं.

तिथेच बसलेल्या नेलीला राहवलं नाही. “हिल्डा, ‘मस्ट’ म्हणाली ना ती? अगं, तू क्रॅबट्रीबाईला म्हणाली होतीस तसं?”

“ती क्रॅबट्री होती,” हिल्डा म्हणाली. “ही माझी लेक आहे.”

रविवारी तिने आल्याचा केक केला, निळा स्वेटर घातला, मला चढवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने माझी शिट्टी काढून खिडकीत ठेवली. “तू कोकलत बसलीस तर फाटक वाजलेलं मला ऐकू यायचं नाही,” ती मला म्हणाली, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसली.

पाणी उकळलं. मी हाक मारणार कशी? पाणी आटत गेलं, संपलं. मुलामा तडकला, बूड लाल झालं. जळका वास आला तेव्हा नेली धावत आली आणि तिने गॅस बंद केला. घरभर धूर. हिल्डा अजून रस्त्याकडेच बघत होती.

“नेली, आली का गं ती?”

“नाही गं राणी.”

“बरं,” हिल्डा म्हणाली. “मग किटली चढवू का?”

त्यानंतर घरात विजेची किटली आली, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. मला मागच्या पायरीवर ठेवलं. हिल्डाने माझ्यात माती भरून पुदिना लावला. त्याच हिवाळ्यात ती गेली. पुदिनाही गेला.

घर आवरायला मॉरीन आली. मला उचलून म्हणाली, “आईने हिची शिट्टी कुठे घालवली?”

“घालवली नाही, पोरी. काढून ठेवली होती,” नेली म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं.

मॉरीन मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. शिट्टी नसलेल्या तोटीवरून बोट फिरवत ती म्हणाली, “आय शुड हॅव पॉप्ड इन.” यायला हवं होतं मी. ‘विल’च्या मागे, ‘माइट’च्या मागे, ‘मस्ट’च्या मागे जो ‘पॉप’ इतकी वर्षं जसाच्या तसा राहिला, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ‘पॉप्ड’ झालेला ऐकला. आता तो पुन्हा पहिल्यासारखा होणार नव्हता.

“ऊठ बाळा,” नेली सवयीने म्हणाली, “किटली चढवते.” आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या भाषेत म्हणे घरातून निघणारं माणूसही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. फार मायेचा शब्द आहे तो. म्हणाल तेव्हा एवढंच आठवा, की तुमचं फाटक ऐकू यावं म्हणून कुणीतरी शिट्टी काढून ठेवून बसलेलं असेल.