साहेबांचा न भाजणारा हात

रुग्णालयाच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. गॅसवरच्या कढईतलं तेल खदखदत होतं आणि साहेबांनी त्यात हात फिरवून अलगद बाहेर काढला. साधा फोडसुद्धा नाही!

"हा जनतेचा हात आहे!" साहेब गरजले. "पापी असता तर कोळसा झाला असता. माझ्या मेव्हण्यानं पुरवलेलं औषध शुद्धच होतं. बाळं दगावली ती या सिस्टरच्या चुकीनं!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांत जोरात मेव्हण्याच्या. नात्याला जागला बिचारा.

"आता सिस्टर, तुमची पाळी. निर्दोष असाल तर घाला हात."

नाही म्हटलं तर गुन्हेगार, घातला तर भाजलेली गुन्हेगार. ती कढईपाशी गेली. मघाशी खळखळणारं तेल आता गप्प होतं, वर निळसर धूर. आंबट वास मात्र अजून रेंगाळत होता. तिनं आपल्या डब्यातला पावाचा तुकडा आत टाकला. चर्रर्र! पाहता पाहता काळा.

"तळाला लिंबाचा रस होता," ती म्हणाली. "बुडबुडे त्याचे, वरचं तेल कोमट. रस आटला, तेल आत्ता कुठं तापलंय. अहो, रोज तळता ना घरी? ओलं काही पडल्याशिवाय तेल कधी खदखदलंय? साहेब, आता घाला हात."

साहेबांचा हात पाठीमागे गेला. "मीच कशाला? माझा ड्रायव्हर घालेल. काय रे, श्रद्धा आहे ना माझ्यावर?"

सत्तेचा जमाखर्च हा असा: पुण्य साहेबांच्या खाती, चटके दुसऱ्याच्या. ड्रायव्हर भक्तिभावानं बाही सरसावू लागला. साहेब त्याच्याकडे पाहतही नव्हते. ते टाळ्यांची वाट पाहत होते.

सिस्टरनं गॅस बंद केला, ड्रायव्हरचं मनगट धरलं. "दादा, उद्या स्टिअरिंग कशानं धरणार?"

"भवाने, साहेबांशी वाद घालतेस?" एक मावशी खेकसली. अर्धी गर्दी तर साहेबांचा हात डोळ्यांना लावायला धावली.

"माझा हात जळला असता, तरी औषध शुद्ध ठरलं असतं का?" सिस्टरचा आवाज चिरकला. "हात कसले तळता? बाटली तपासा! पुढाऱ्याकडे चमत्कार मागू नका, जाब मागा."

कुणी ऐकलं, कुणी नाही. दगावलेल्या एका बाळाची आई तेवढी पुढं आली. पिशवीतून तिनं औषधाची अर्धी बाटली काढली.

"ताई, हे कुठं तपासतात?"