रागाचा दाखला

उस्तादांनी बॅटरीचा झोत लिफ्टच्या ब्रेकवर धरला, दुसऱ्या हाताचं बोट लायनिंगच्या झिजलेल्या कडेवरून फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट जोडीदार लांब्याच्या नाकासमोर नेलं.

"हे काय आहे?"

"पूड," लांब्या म्हणाला.

"कसली?"

"ब्रेकची."

"आणि मागच्या महिन्यात 'सगळं ठीक' लिहून गेलेले ते दोन महापुरुष इथे कबुतरं मोजायला आले होते का? म्हातारी माणसं चढतात या लिफ्टमध्ये, लहान पोरं चढतात. हे लायनिंग आहे की कांद्याचा पापुद्रा?"

गच्चीवरच्या त्या मशीनच्या खोलीत आधीच जीव नकोसा करणारं उकडत होतं, त्यात उस्तादांचा आवाज. लांब्याने वाद घातला नाही. त्याने खिशातून लिमलेटची गोळी काढली, वरचा कागद सोडवला आणि तळहातावर ठेवून पुढे केली.

"आधी ही तोंडात टाका."

"मला गोळी नको, नवं लायनिंग पाहिजे!"

"तेही मिळेल हो. आधी गोळी."

उस्तादांनी दात-ओठ खाल्ले. मग बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, हत्यारांच्या पेटीतून शुगरचं यंत्र काढलं, बोट टोचलं आणि थेंब पट्टीला लावला.

"एकशे एकतीस. दिसतंय? एकशे एकतीस!"

लांब्याने चष्मा कपाळावर चढवून, वाकून खात्री करून घेतली. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "ओरडा."

कंपनीच्या ऑफिसात फोन लावला तर साहेबांनीही पहिला प्रश्न तोच केला, उस्ताद, काही खाल्लंय ना? लांब्याने फोन हातातून घेतला आणि साक्ष दिली, मी स्वतः पाहिलंय साहेब, एकशे एकतीस आहे. तेव्हा कुठे ती लिफ्ट बंद ठेवायचा हुकूम निघाला. गोळी शेवटी लांब्यानेच खाल्ली.

दाखला दाखवल्याशिवाय रागावायची सोय नाही, अशी उस्तादांची गत झाली होती, आणि तिला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना त्यांची शुगर एकाएकी उतरली होती. उस्तादांना त्यातलं काही आठवत नाही. पाहणारे सांगतात की त्यांनी साहेबांच्या सात पिढ्या उद्धारल्या, पाना भिंतीवर फेकून मारला आणि मग तिथेच मटकन खाली बसले. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी उस्तादांच्या बायकोला आणि लांब्याला समोर बसवून समजावलं की शुगर उतरली की माणूस विनाकारण चिडतो. तो चिडला की समजायचं, आणि वाट न बघता साखर द्यायची. उस्तादांनाही बजावलं, आजार लपवू नका, चार लोकांना सांगून ठेवा. उस्तादांनी सांगून ठेवलं. कामावर सांगितलं, ताईला सांगितलं, धाकट्या भावाला सांगितलं, शेजारच्या निवृत्त मास्तरांनासुद्धा सांगितलं. सांगितल्याने जीव वाचला, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून उस्ताद रागावले असं कोणी म्हणेना. उस्तादांची शुगर उतरली, असंच म्हणत. बिल चुकीचं आलं, शुगर. नळ गळतोय हे चारदा सांगूनही कोणी हललं नाही, शुगर. घरातल्या प्रत्येक खोलीत गोळ्यांचा एकेक डबा आला आणि उस्तादांच्या शब्दाला उरलीसुरली किंमत होती तीही त्या डब्यात गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताई आणि धाकटा दोघंही दुपारी जेवायला यायचे होते. हे दोघं ठरवून एकत्र येतात तेव्हा काहीतरी शिजलेलं असतं, हे उस्तादांनी ओळखायला हवं होतं. पण सुटीचा दिवस, बहीण-भाऊ घरी आलेले, त्यांचं मन प्रसन्न होतं. त्यांनी धाकट्याच्या वाढत्या पोटावरून त्याची टिंगल केली, ताईने आणलेली फळं धुऊन ठेवली. बाबांना बायकोने आधीच भरवलं होतं आणि आतल्या खोलीत निजवलं होतं. उस्तादांनी नेहमीसारखं जेवणाआधी पोटात इन्शुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताटं वाढली तसे ते खुर्चीवर बसले.

पहिला घास हातात होता तेवढ्यात ताई म्हणाली, "बाबांची सोय झाली बरं का."

"कसली सोय? नवी चाकांची खुर्ची मिळाली?"

"जागेची, दादा," धाकटा म्हणाला. "शहराबाहेर आहे. छान आहे रे, मी बघून आलोय. चोवीस तास माणूस असतं. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

उस्तादांनी घास ताटात ठेवला.

"वृद्धाश्रम."

"आता तसं म्हणत नाहीत," ताई म्हणाली.

"मग काय म्हणतात?"

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. ती ताटाच्या कडेवर सांडलेलं शीत बोटाने आत सारत होती.

"मीच ताईंना फोन केला होता," ती म्हणाली. "दोन महिने झाले. माझ्याच्याने आता होत नाही हो. माझी कंबर गेली. तुम्ही सकाळी जाता ते संध्याकाळी येता. मागच्या आठवड्यात त्यांना न्हाणीतून आणताना आम्ही दोघंही पडलो. शेजारचे मास्तर आले म्हणून उठलो तरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमची शुगर…"

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बायकोच्या कंबरेचं त्यांना वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. बाबांना उचलायला घरात दुसरं कोणी नाही, नोकरी सोडली तर औषधाचे वांधे, हे सगळं त्यांनाही कळत होतं. धाकट्याने विचारलं असतं की दादा, तूच सांग काय करायचं, तर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. पण तसं कोणी विचारलंच नव्हतं. दोन महिने सगळं घर त्यांच्या पाठीमागे कुजबुजत होतं, आणि आत निजलेल्या त्या माणसाला उद्या सकाळी सामानासारखं गाडीत घालायचं ठरलं होतं.

"बाबांना विचारलंत?"

"अरे, त्यांना काय कळतंय आता," ताई म्हणाली. "आणि हळू बोल."

"त्यांच्या कानात मशीन नसतं दुपारचं," बायको म्हणाली. "झोपताना काढतात."

"मी विचारतोय, बाबांना कोणी विचारलं?" उस्तादांनी टेबलावर हात आपटला. भांडी खणखणली. "लिफ्ट बंद करायची झाली तरी आम्ही दारावर पाटी लावतो! चार दिवस आधी माणसांना सांगतो! हा तर जिवंत माणूस आहे, माझा बाप आहे! ज्याने तुला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं…"

"दादा, दादा. आधी दोन घास खा," धाकटा म्हणाला.

"मी उपाशी नाही. मी चिडलोय!"

बायको केव्हा उठली ते त्यांना कळलं नाही. आत पेल्यात चमचा फिरल्याचा किणकिणाट मात्र आला. तो आवाज उस्तादांना झोपेतही ओळखू आला असता. तिने साखरेचं पाणी आणून त्यांच्या ताटाशी ठेवलं. ताईने पेला अलगद पुढे सरकवला. तिघांच्याही चेहऱ्यावर इतकी माया होती की ती बघून उस्तादांना रडू येईल असं वाटलं.

"थांबा," ते म्हणाले. "मी मोजतो. तुमच्यासमोर मोजतो. नीट निघाली तर माझं सगळं ऐकायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल," धाकटा म्हणाला.

उस्तादांनी यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं. कालचे एकशे एकतीस त्यांच्या डोक्यात होते. बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. पट्टी धरताना बोटं किंचित थरथरत होती, पण रागाने कोणाची थरथरत नाहीत? काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं.

यंत्र वाजलं. अठ्ठावन्न.

इंजेक्शन घेऊन अर्धा तास होत आला होता आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उस्तादांनी आकड्याकडे पाहिलं, यंत्र उलटं करून पुन्हा सुलटं केलं. आकडा तोच होता. कपाळावर घाम आलाय हे त्यांना आता जाणवलं.

कोणी हसलं नाही. कोणी 'बघ, सांगत होतो' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ताई टेबलावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत राहिली. बायकोने पेला त्यांच्या हातात दिला आणि खालून स्वतःचा हात लावला. उस्ताद साखरेचं पाणी प्यायले. तळाशी न विरघळलेली साखर राहिली होती, ती तिने चमच्याने भरवली. मग त्यांनी ताटातलं थोडं खाल्लं. आता पाव तास थांबायचं आणि पुन्हा मोजायचं, हे त्या घरात पोपटालासुद्धा पाठ झालं असतं.

त्या पाव तासात सगळे फार चांगले वागले. धाकटा गाडीच्या टायरबद्दल बोलला, ताई फळांच्या भावाबद्दल. उस्ताद यंत्राकडे बघत होते. आपण आत्ता जे ओरडलो ते आपण ओरडलो की अठ्ठावन्न ओरडले, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. त्यांनी आपला राग आत चाचपून पाहिला. तो आहे का अजून? साखरेबरोबर विरघळून गेला तर तो आपला नव्हताच. आहे, असं वाटलं. मग वाटलं, नक्की सांगता येत नाही. आयुष्यभर लिफ्टचे बिघाड शोधले, हा एक सापडत नव्हता.

धाकटा मध्येच उठून बाल्कनीत गेला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलताना दिसत होते. "हो, उद्याच… नाही, घरचे सगळे तयार आहेत," एवढं फटीतून ऐकू आलं. उस्तादांना उठावंसं वाटलं, पण पाव तास अजून भरला नव्हता.

दुसऱ्यांदा मोजली तेव्हा एकशे दोन निघाली. आणि राग होता. जागच्या जागी होता, फक्त आता स्वच्छ दिसत होता.

"एकशे दोन," ते म्हणाले.

"चला, देव पावला," ताई म्हणाली. "आता कसं शांत वाटतंय ना?"

"बाबांना विचारायला हवं होतं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, पण आवाज खाली आला होता, आणि खाली आलेल्या आवाजाची पंचाईत अशी की तो समजूतदारपणाचा वाटतो. ओरडलं तर शुगर आणि हळू बोललं तर होकार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

"बरोबर आहे तुझं," धाकटा लगेच म्हणाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तूच सांग त्यांना. तुझं ऐकतात ते."

"हो, तूच सांग," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आमच्याने नाही होणार."

बायको एका हाताने कंबर धरून ताटं उचलत होती. उस्तादांनी तिच्या हातातली ताटं घेतली, आत नेऊन ठेवली आणि तिकडूनच ते बाबांच्या खोलीकडे वळले.

बाबा झोपले नव्हते. पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसले होते. उशाशी कानाच्या मशीनची डबी उघडी होती आणि रिकामी होती. उस्ताद दारातच थबकले.

"ये," बाबा म्हणाले. "बस."

उस्ताद शेजारी बसले. बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. टोचलेल्या बोटावर रक्ताचा ठिपका सुकला होता, तो बाबांनी अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. पुसला गेला नाही.

"बाहेर कोण ओरडत होतं रे?"

उस्तादांनी धाकट्याची मघाची वाक्यं आठवून पाहिली. उद्या सकाळी. छान आहे. चोवीस तास माणूस असतं. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मीच, बाबा," ते म्हणाले. "काही नाही. माझी शुगर उतरली होती."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या बाजूने कोणी भांडतंय."

बाबांनी त्यांचा हात सोडला. खिडकीकडे पाहिलं, मग समोरच्या कपाटावर ठेवलेल्या रिकाम्या बॅगेकडे पाहिलं.

उस्ताद त्या बॅगेकडे बघतच राहिले. "भांडतच होतो, बाबा," ते म्हणाले. "खरंच भांडत होतो."

पण तोवर बाबांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं होतं. झाकण लावून त्यांनी डबी बॅगेत टाकायला उस्तादांच्या हातात दिली.