मलमलच्या घड्या

त्या सकाळी अण्णा बऱ्याच दिवसांनी मशीनवर बसले होते, आणि मला हायसं वाटलं होतं. बायपास होऊन तीन आठवडे होत आले होते. आमच्या दोन खोल्या दुकानाच्या मागेच. मी चहा घेऊन पुढे आले, तर ते मलमलचे तुकडे चौपदरी दुमडून कडेने शिवत होते. हातरुमाल असावेत, हात चालता राहावा म्हणून, असं मी समजले.

शेजारचे इस्त्रीवाले काका उंबऱ्याशी उभे होते. डॉक्टरांचं काम कसं काय वाटलं, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणीबद्दल दिलं तसंच मत स्वतःच्या छातीबद्दल दिलं: टाके सरळ आहेत, पण गाठी वर ठेवल्यात; असला कारागीर आपल्या दुकानात आठवडाभर टिकला नसता.

"छाती उसवली, जीभ मात्र तशीच ठेवलेली दिसते," काका म्हणाले.

आम्ही हसलो. हसताना अण्णांनी मांडीवरची उशी छातीशी घट्ट धरली. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून दवाखान्यात तसंच शिकवलं होतं, त्यामुळे मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. जखम बघू का, असं मी रोजच्यासारखं विचारलं.

"बापाची छाती म्हणजे काय दुकानात टांगलेला नमुना आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायला? ठीक आहे मी. तू?"

"ठीक."

आमच्या घरात या प्रश्नाला एवढंच उत्तर होतं. लहानपणी माझ्या बोटात सुई घुसली तेव्हा मी भोकाड पसरायच्या आत अण्णांनी बोट दाबून धरलं आणि सांगितलं, शिंप्याच्या घरात सुईची तक्रार करायची नसते. आई गेली तेव्हाही आम्ही भेटायला येणाऱ्यांना ठीक म्हणून सांगत राहिलो. लोक निघून गेल्यावर एकमेकांनाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा अंथरुणात थंडीने कुडकुडत होते. अंग भाजत होतं. दवाखान्यात सिस्टरनी सदऱ्याची बटणं काढली. छातीवर मलमलची एक घडी होती. कडा आत दुमडलेल्या, कोपऱ्यांना नाड्या, पाठीमागे नेऊन बांधलेल्या. कुठल्या दुकानात मिळते हो ही, किती छान बसलीय, असं सिस्टर कौतुकाने विचारत होत्या. मग त्यांनी नाड्या सोडल्या आणि डॉक्टरांना हाक मारली.

घडीचे आतले पदर पुवाने भिजले होते. तारेने बांधलेलं छातीचं हाड सांधलंच नव्हतं, जंतू आत शिरले होते. अण्णांसारखा मधुमेह असला की हा धोका वाढतो, जखम पाझरायला लागली त्याच दिवशी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. मी सदऱ्याकडे पाहत होते. त्यावर साधा डागही नव्हता. गिऱ्हाइकाच्या कापडाला घामाचा थेंब लागू न देणारा माणूस. स्वतःच्या सदऱ्याला तरी कसा लागू देईल?

पुन्हा आत नेण्याआधी मला क्षणभर त्यांच्याजवळ सोडलं.

"अण्णा, दुखतंय का?"

"ठीक आहे." थोडा श्वास घेऊन ते म्हणाले, "तू?"

"ठीक."

छाती उघडून धुतली. तरी जंतू रक्तात पसरले, मग मूत्रपिंडं थांबली, मग अण्णा. जोडलेल्या तिन्ही शिरा शेवटपर्यंत उत्तम वाहत होत्या, हे डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं. माझ्यासाठी त्यांच्याकडे तेवढंच होतं. मी मान हलवली.

आता गिऱ्हाइकं न शिवलेली कापडं परत न्यायला येतात. ओळखीची माणसं आहेत. कशी आहेस, असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. ठीक, मी म्हणते. आज काकांनाही तेच म्हटलं. ते इस्त्री केलेला अण्णांचा सदरा काउंटरवर ठेवून गेले.

मशीनच्या सुईखाली एक घडी तशीच राहिली आहे. तीन कडा शिवलेल्या, चौथी मोकळी. भर दुपारी मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि अण्णांच्या स्टुलावर बसले. स्टूल माझ्या उंचीला कमी पडतं, गुडघे मशीनला लागतात. पंखा बंद होता. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेलं.

"अण्णा," मी म्हणाले, "दुखतंय. फार दुखतंय."