पांढरी चार सोडताना

मी कोमळवल्ली मामींचा तंबोरा बोलतोय. आवाज जरा मोठा वाटेल, पण मी फणसाच्या लाकडाचा. हळू बोलणं मला जमत नाही.

तंजावरात माझा जन्म झाला. मामी तेव्हा परकर नेसणारी पोर होत्या, वडिलांबरोबर कुंभकोणमहून आल्या होत्या. त्यांनी माझी तार छेडली आणि म्हणाल्या, "अप्पा, हाच घ्या. बाकीचे नुसते दिसायला देखणे आहेत." तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

मामींचा सूर पेटीवरची पांढरी चार. बाईच्या गळ्याला हा खालचा, म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली. मग त्यांची तोडी ऐकली आणि तीच माणसं पुढच्या रांगेसाठी भांडू लागली. जन्मभर मी त्यांच्या मागे उभा राहिलो, पांढरी चार धरून.

पुढे त्यांचा गळा बसला, तो कायमचा. गाणं उरलं शिष्येकडे, अभिरामीकडे. पोरीचा आवाज वरचा, लख्ख. पण तिला गायचं होतं मामींच्याच सुरात. हातवारे मामींचे, इतकंच काय, गाण्याची पल्लवी संपल्यावरचा खोकलासुद्धा मामींचा! आमच्याकडे गुरुभक्ती अशीच उतू जाते. खाली गाताना तिचा आवाज विरून जायचा, घसा सोलवटायचा. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर गळा जाईल. आणि देवळातली तिची पहिली मोठी मैफल तोंडावर आली होती.

सरस्वतीपूजेला आम्हा वाद्यांना देवापुढे मांडतात, त्या दिवशी कुणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला नवा पाठ सुरू होतो. त्या सकाळी मामींनी मला मांडीवर घेतलं आणि खुंटी पिळली. मग आणखी पिळली.

"मामी, अहो, तुमचा सूर जाईल!" अभिरामी ओरडली.

"तो माझ्या गळ्याबरोबरच गेला. तू काय त्याचं श्राद्ध घालत बसणार आहेस?"

तेवढ्यात माझी तार ताडकन तुटली. ऐन विजयादशमीला! अभिरामी रडकुंडीला आली.

"तार बाजारात मिळते गं. गळा मिळतो का? जा, बारीक तारा घेऊन ये. आणि तो खोकला माझ्या दम्याचा आहे, तेवढा परत कर."

नव्या तारा चढल्या, अभिरामीच्या गळ्याची वरची काळी चार लागली. खरं सांगतो, मला आधी परक्याचे कपडे घातल्यासारखं झालं. पण अभिरामीनं षड्ज लावला आणि माझं पोट आनंदानं थरथरलं.

मैफलीत तिनं तोडीच गायली. थांबण्याच्या जागा मामींच्या, आवाज तिचा. मामी पुढच्या रांगेत मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. पल्लवी संपली. अभिरामी खोकली नाही. मामीच खोकल्या, आणि सगळा मंडप हसला.

आज मामी नाहीत. त्यांची फार आठवण येते. संगीतसभेनं मला काचेच्या कपाटात ठेवायला मागितलं होतं, हार घालून. अभिरामी म्हणाली, "जमणार नाही. त्याला उद्या सकाळी शिकवणी आहे."

हल्ली एक नवी मुलगी येते. परवा ती हुबेहूब अभिरामीसारखे हातवारे करू लागली. अभिरामीनं मला तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "आधी तुझा सूर सांग."

मुलगी खुंटीला हात लावायला घाबरते. बाळा, पीळ बिनधास्त. तार तुटली तर दुसरी लावू.